अपंगत्व, मानसिक आजार आणि चर्च : स्वागत म्हणजे नेमके काय?

गोव्यातील एखाद्या गावात रविवारी सकाळची मिस्सा सुरू होते, तेव्हा चर्चमध्ये कोण आले आहे हे सर्वांना दिसते. कोण आलेले नाही, हे मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या घरात स्वमग्न मूल आहे, ज्या घरातील तरुणाला स्किझोफ्रेनिया जडला आहे, ज्या घरातील आईला दीर्घकाळ नैराश्याने ग्रासले आहे, ते कुटुंब एका दिवसात चर्चपासून तुटत नाही. आधी आई-वडील आळीपाळीने मिस्सेला येऊ लागतात, कारण एकाला घरी थांबावे लागते. मग ते मागच्या बाकावर बसू लागतात, पुढे दाराबाहेर उभे राहतात आणि एक दिवस येणेच थांबते. कोणी त्यांना येऊ नका म्हटलेले नसते. पण या, असेही कोणी आवर्जून म्हटलेले नसते.

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती समाजाचा वाटा सुमारे २५ टक्के आहे आणि राज्यात सुमारे ३३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली आहे. मानसिक आजाराचे चित्र याहून मोठे आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यांपैकी बहुसंख्य उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. याचा अर्थ सरळ आहे. ज्याला कोकणीत फिर्गज म्हणतात, अशा प्रत्येक पॅरिशमध्ये ही कुटुंबे आहेतच. ती चर्चमध्ये दिसत नसतील, तर ती कुठे आहेत, हा प्रश्न चर्चने विचारायचा आहे.

दुरावा कशामुळे येतो?

अपंगत्व म्हटले की पहिला विचार पायऱ्यांचा येतो. तो योग्यच आहे. पण पुरेसा नाही. अमेरिकेत मुलांच्या आरोग्याविषयीच्या तीन राष्ट्रीय पाहण्यांच्या आधारे २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दमा किंवा मधुमेह असलेली मुले इतर मुलांइतकीच प्रार्थनास्थळी जात होती. स्वमग्न मुले मात्र कधीच न जाण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ दुप्पट होती. नैराश्य, चिंताविकार किंवा वर्तनसमस्या असलेल्या मुलांबाबतही कल तोच होता. आजार किती गंभीर आहे यापेक्षा तो संवादाच्या आणि वागण्याच्या आड येतो का, यावर मुलाची उपस्थिती अवलंबून होती. कुटुंबांना दूर ठेवणारी गोष्ट जितकी इमारतीत असते, तितकीच ती माणसांच्या नजरेतही असते.

प्रवचन चालू असताना एखादे मूल ओरडते, बाकांमधून धावते, हात झटकते. दहा-बारा माना वळतात. कोणी रागावलेले नसते, पण त्या वळलेल्या माना आईला पुरेसे काही सांगून जातात. दुसरी अडचण शब्दांची. ‘देवाने तुम्हाला खास मूल दिले’, ‘श्रद्धा ठेवा, सगळे बरे होईल’, ‘घरात काही दोष असेल, प्रार्थना वाढवा’ ही वाक्ये सद्भावनेनेच उच्चारली जातात. ऐकणाऱ्याच्या मनात त्यांचा अर्थ वेगळा उमटतो : आजार बरा होत नाही, म्हणजे आपली श्रद्धाच उणी.

ख्रिस्ती धर्मग्रंथात या समजुतीला थेट उत्तर आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात की हे पाप कोणाचे, याचे की याच्या आई-वडिलांचे? येशू दोन्ही शक्यता नाकारतो. लूकच्या शुभवर्तमानातील मेजवानीच्या दृष्टांतात यजमान पंगू, आंधळे आणि लंगडे यांना घरी बोलावून आणायला सांगतो. तेथे ‘ते आले तर येऊ द्या’ असे नाही. नोकरांना रस्त्यावर आणि गल्लीबोळांत पाठवले जाते. मार्कच्या शुभवर्तमानात पक्षाघाताच्या रोग्याला चौघे जण उचलून आणतात आणि दाराशी गर्दी असल्यामुळे छप्पर उघडून त्याला आत सोडतात. रोग्याला वाट मिळावी म्हणून घराची रचना बदलावी लागली आणि त्याबद्दल कोणी त्या चौघांना दोष दिला नाही.

नियम काय सांगतात?

कॅथलिक चर्चचे स्वतःचे नियम या बाबतीत अनेकांना वाटतात त्यापेक्षा उदार आहेत. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ७७७ वा नियम धर्मगुरूंवर अशी जबाबदारी टाकतो की शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेल्यांनाही त्यांच्या स्थितीनुसार शक्य तितके धर्मशिक्षण मिळावे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला प्रथम कम्युनियन देता येईल का, हा पालकांना सतावणारा प्रश्न आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये ‘साक्रामेन्तुम कारितातिस’ या पत्रात सांगितले की अशा व्यक्तींना शक्य असेल तेथे ख्रिस्तप्रसाद द्यावा; त्या तो कुटुंबाच्या किंवा सोबतच्या समुदायाच्या श्रद्धेतून स्वीकारतात. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या १९९५ च्या मार्गदर्शक सूचना अधिक स्पष्ट आहेत. ही भाकर साधी नव्हे, एवढा फरक त्या व्यक्तीला कळणे पुरे आहे आणि तो तिने शब्दांनी सांगायला हवा असे नाही. हावभाव किंवा आदराने धरलेले मौन यांतूनही तो कळतो.

आत्महत्येविषयीची भूमिकाही काळानुसार बदलली आहे. १९१७ च्या धर्मविधिसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या केलेल्या व्यक्तीला चर्चमधील अंत्यविधी नाकारलेला होता. १९८३ च्या संहितेत ती तरतूद राहिली नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मप्रश्नोत्तरीने गंभीर मानसिक विकार, तीव्र वेदना वा भीती यांमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होते असे नमूद केले आणि अशा व्यक्तींसाठी चर्च प्रार्थना करते असेही सांगितले. तरीही ‘त्याच्यावर चर्चमध्ये विधी होणार का?’ ही भीती दुःखात बुडालेल्या घरांत आजही डोकावते. नियम बदलला, पण तो लोकांच्या कानी पोहोचलेला नाही. तो व्यासपीठावरून स्पष्ट शब्दांत सांगणे हेही स्वागताचेच एक रूप आहे.

देशाचा कायदाही प्रार्थनास्थळांना वगळत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत आणि त्यांत स्वमग्नता व मानसिक आजार यांचाही समावेश आहे. या कायद्यातील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीही येतात. त्यामुळे चर्च, मंदिर किंवा मशीद सुगम असणे ही केवळ दयेची बाब उरलेली नाही.

नाकारलेल्या एका कुटुंबातून

चर्चमधील या विषयाच्या आधुनिक इतिहासात एका फ्रेंच दांपत्याचा अनुभव वारंवार सांगितला जातो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना आपल्या दोन्ही तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घेऊन धर्मप्रांताच्या यात्रेबरोबर लूर्द येथे जायचे होते. यात्रेत त्यांना घेण्यात आले नाही. ते स्वतंत्रपणे गेले, तर हॉटेलने जेवण खोलीतच घ्यावे अशी अट घातली. या दुखावलेल्या कुटुंबाच्या अनुभवातून ‘श्रद्धा आणि प्रकाश’ या नावाची चळवळ उभी राहिली. १९७१ च्या ईस्टरला बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्ती, त्यांचे पालक आणि मित्र असे सुमारे १२ हजार यात्रेकरू लूर्दला जमले. पुढे ही चळवळ अनेक देशांत पसरली. तिची पद्धत साधी आहे : काही कुटुंबे आणि काही मित्र महिन्यातून एकदा भेटतात, प्रार्थना करतात, जेवतात, वाढदिवस साजरे करतात. तेथे कोणाला बरे करायचे नसते.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे आणि ती झाकणे योग्य नाही. चळवळीच्या दोन संस्थापकांपैकी जाँ व्हानिए यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे, त्यांनीच स्थापलेल्या ‘लार्श’ या संस्थेने करवलेल्या चौकशीतून २०२० मध्ये उघड झाले. त्यातून मिळणारा धडा प्रत्येक पॅरिशला लागू आहे. माणूस कितीही पूज्य असो, दुर्बल स्थितीतील व्यक्तीबरोबर तो बंद दाराआड एकटा नसावा. स्वयंसेवकांची निवड पारखून व्हावी, दोन जबाबदार प्रौढ नेहमी हजर असावेत आणि तक्रार कोणाकडे करायची हे प्रत्येक कुटुंबाला माहीत असावे.

इमारत : पायऱ्यांपासून बाकांपर्यंत

पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचा नागमोडी जिना गोव्याच्या असंख्य छायाचित्रांत दिसतो. तोच जिना चाकांच्या खुर्चीवरून पाहिला तर वेगळा दिसतो. गोव्यातील अनेक चर्च आणि कपेल उंचवट्यांवर आहेत, जुनी आहेत आणि काही संरक्षित वारसावास्तूही आहेत. तेथे कायमचा उतार बांधणे नेहमीच शक्य नसते. मात्र लाकडी किंवा धातूचा हलवता येणारा उतार बाजूच्या दाराशी ठेवता येतो. उताराचे प्रमाण एकास बारा असावे, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. त्याहून चढा उतार मदतनिसाला दमवतो आणि खुर्चीवरील व्यक्तीला घाबरवतो.

आत शिरल्यावर खुर्ची कोठे उभी राहणार, हा पुढचा प्रश्न. बहुतेक ठिकाणी ती मार्गिकेत किंवा अगदी पुढे, सर्वांच्या नजरेसमोर उभी राहते आणि कुटुंब दुसरीकडे बसते. एका बाकाची लांबी कमी केली की खुर्ची कुटुंबाच्या शेजारी, रांगेतच उभी राहू शकते. सुताराच्या एका दिवसाच्या कामात हे होते. मोठ्या अक्षरांतील गायनपुस्तिका, वाचकाच्या तोंडावर पुरेसा प्रकाश, चांगला ध्वनिवर्धक आणि सर्वांना वापरता येईल असे स्वच्छतागृह या गोष्टींचा लाभ वृद्धांनाही होतो. ज्या राज्यात अनेक घरांतील तरुण पिढी आखातात किंवा इंग्लंडमध्ये आहे आणि मागे वयस्क आई-वडील राहिले आहेत, तेथे हा लाभ लहान नाही.

आवाज, गर्दी आणि फेस्त

स्वमग्न व्यक्तींपैकी अनेकांना आवाज, उजेड आणि गर्दी यांचा त्रास इतरांहून कितीतरी अधिक होतो. घंटा, कर्ण्यावरील गायन, फेस्ताच्या दिवशीचे फटाके आणि बँड हे इतरांसाठी उत्सवाचे आवाज असतात, त्यांच्यासाठी ते असह्य ठरू शकतात. अशा वेळी मूल कान झाकून किंचाळते ते हट्टाने नव्हे. त्याला शिस्त लावण्याचा सल्ला देणे म्हणजे चटका बसलेल्याला ओरडू नकोस म्हणण्यासारखे आहे.

यासाठी करता येण्याजोग्या गोष्टी अल्पखर्चिक आहेत. मिस्सेचा क्रम चित्रांतून दाखवणारा एक कागद करता येतो : आता उभे राहायचे, आता गायचे, आता रांगेत जायचे, आता घरी. पुढे काय होणार हे कळले की अशा मुलांची भीती कमी होते. गर्दी नसताना, रिकाम्या चर्चमध्ये मुलाला एक-दोनदा आणून जागेची ओळख करून देता येते. सामग्रीच्या खोलीजवळ किंवा अंगणात थोडा वेळ शांत बसण्याची जागा ठेवता येते. फटाके कोणत्या वेळी उडणार हे आधी सांगितले, तरी पालकांना तयारी करता येते. काही देशांतील पॅरिशमध्ये महिन्यातून एक मिस्सा मंद प्रकाशात, कमी आवाजात आणि छोट्या प्रवचनासह होते. ती उपयुक्त आहे; मात्र तीच या कुटुंबांची एकमेव मिस्सा ठरू नये. वेगळी सोय हा मुख्य सभेकडे नेणारा पूल असावा, वेगळे कुंपण नव्हे.

सर्वांत परिणामकारक गोष्ट मात्र व्यासपीठावरून येते. एखादे मूल ओरडले आणि धर्मगुरूंनी क्षणभर थांबून ‘हा आवाज आपल्या कुटुंबातलाच आहे’ एवढे म्हटले, तर त्या दहा-बारा माना पुन्हा सरळ होतात. पुढच्या रविवारी ते कुटुंब येण्याची शक्यता त्या एका वाक्याने वाढते.

मानसिक आजार : सर्वांत अवघड दार

गावात कोणाचा पाय मोडला किंवा कोणाची शस्त्रक्रिया झाली, तर शेजारी पेज घेऊन येतात, धर्मगुरू भेट देतात, मिस्सेत नाव घेऊन प्रार्थना होते. तोच माणूस बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयात दाखल झाला, तर बहुधा कोणी येत नाही. घरचे सांगत नाहीत आणि ज्यांना कळते ते विचारत नाहीत. दोन्हीकडील संकोचामुळे कुटुंब सर्वाधिक गरजेच्या वेळी एकटे पडते. म्हणून पहिले पाऊल म्हणजे मानसिक आजाराचा उच्चार इतर आजारांच्या बरोबरीने करणे. आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत नैराश्य, स्किझोफ्रेनिया आणि व्यसनाधीनता हे शब्द आले, की ऐकणाऱ्या कुटुंबाला आपण लपवण्याजोगे काही करत नाही हे कळते. व्यक्तीचे नाव मात्र तिच्या आणि कुटुंबाच्या संमतीविना घेऊ नये.

दुसरे पाऊल अधिक महत्त्वाचे आहे. अनेक घरांत डॉक्टरांच्या आधी धर्मगुरूंकडे धाव घेतली जाते. आवाज ऐकू येणे, कोणी तरी आपल्यावर पाळत ठेवते असे वाटणे, रात्रंदिवस झोप न येणे ही लक्षणे घरच्यांना बाधेसारखी भासतात. येथे चर्चचा नियम सावध आहे. भूतबाधा उतरवण्याचा विधी बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणत्याही धर्मगुरूला करता येत नाही आणि त्याआधी हा प्रकार आजाराचा नाही याची खात्री करून घ्यावी, असे धर्मप्रश्नोत्तरीत म्हटले आहे. मानसिक आजारात उपचार जितके लवकर सुरू होतात, तितकी सुधारणेची आशा अधिक असते. प्रार्थनासभांच्या फेऱ्यांत गेलेली महिने-वर्षे रुग्णालाच भोगावी लागतात. ‘आता प्रार्थना झाली, गोळ्या बंद करा’ हा सल्ला तर धोकादायकच आहे; औषधे एकाएकी थांबवल्याने आजार उलटू शकतो.

प्रार्थना आणि उपचार यांत निवड करण्याची गरजच नाही, हे दाखवणारी उदाहरणे आहेत. बेल्जियममधील गील या गावी मानसिक रुग्णांची आश्रयदाती मानल्या गेलेल्या संत डिम्फ्ना यांचे चर्च आहे. मध्ययुगापासून तेथे रुग्णांना आणले जाई आणि नऊ दिवसांच्या नोव्हेनेसाठी चर्चला लागून असलेल्या खोल्यांत ठेवले जाई. जागा अपुरी पडू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरांत ठेवून घेतले. त्यातून पिढ्यान्‌पिढ्या चालणारी प्रथा निर्माण झाली. १९३८ च्या सुमारास गीलच्या कुटुंबांत सुमारे ३,७०० रुग्ण राहत होते. त्यांना घरात काम होते, ताटात जेवण होते आणि वैद्यकीय देखरेखही होती.

आपल्या देशातही दोन्ही टोके दिसतात. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयस्थानाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मानसिक रुग्ण मृत्युमुखी पडले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला साखळदंडात ठेवण्यास मनाई केली आहे. दुसरीकडे गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुवा’ हा उपक्रम सुरू झाला. तेथे मुजावर भाविकांसाठी दुवा मागतात आणि त्यांनाच परिसरातील मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतात. श्रद्धेला धक्का न लावता उपचार सुरू होतात.

गोव्याला याचा स्वतःचाही वारसा आहे. कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेले आबे फारिया हे धर्मगुरू होते. संमोहनाचा परिणाम संमोहन करणाऱ्याच्या गूढ शक्तीमुळे नव्हे, तर संमोहित होणाऱ्याच्या मनातूनच घडतो, हे त्यांनी पॅरिसमध्ये मांडले. गोव्याच्या जुन्या मनोरुग्णालयाला त्यांचेच नाव होते. याच राज्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य सेवेत एक महत्त्वाचा प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, परंतु रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक व्यक्तींनी नैराश्य व चिंताविकार असलेल्यांना समुपदेशन केले. २०१० मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि सरकारी आरोग्य केंद्रांत या पद्धतीने बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे दिसले. सामान्य माणूस तज्ज्ञांची जागा घेऊ शकत नाही, पण प्रशिक्षण आणि देखरेख असेल तर तो मोठा आधार देऊ शकतो. वाड्यावाड्यांतील लहान ख्रिस्ती समुदाय हे या कामासाठी तयार असलेले जाळे आहे.

अशा स्वयंसेवकांना एक गोष्ट निश्चित माहीत हवी. कोणी जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलू लागले, तर ‘तुमच्या मनात आयुष्य संपवण्याचा विचार येतो का?’ असे शांतपणे आणि थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, घरच्यांना सोबत घ्यावे आणि रुग्णालयाशी संपर्क साधावा. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक चर्चच्या सूचना फलकावर असायला हरकत नाही.

आमच्यानंतर कोण?

दिव्यांग मुलाच्या वयस्क पालकांना एक प्रश्न रात्री झोपू देत नाही : आमच्यानंतर याचे कोण पाहणार? भावंडे परदेशी असतील, तर तो अधिक टोचतो. येथे चर्च उत्तर देऊ शकत नसले, तरी उत्तराकडे जाणाऱ्या वाटेवर सोबत करू शकते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ अन्वये कायदेशीर पालकाची नेमणूक करता येते. याच व्यक्तींसाठी ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, राज्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मासिक साहाय्य यांचे अर्ज भरणे हे थकलेल्या पालकांना डोंगराएवढे काम वाटते. पॅरिशमध्ये निवृत्त शिक्षक, वकील, बँक कर्मचारी असतात. महिन्यातून एका दुपारी त्यांनी चर्चच्या सभागृहात बसून हे अर्ज भरून दिले, तरी ती मोठी सेवा ठरेल.

पालकांना विसावा देणे हीदेखील तितकीच निकडीची गोष्ट आहे. दोन ओळखीच्या, प्रशिक्षित व्यक्ती आठवड्यातून दोन तास मुलासोबत थांबल्या, तर नवरा-बायकोला अनेक महिन्यांनी एकत्र मिस्सेला जाता येते, बाजारहाट करता येतो किंवा नुसते झोपता येते. एकदा येऊन गायब होणाऱ्या उत्साहापेक्षा, कमी पण न चुकणारी मदत अशा घरांना हवी असते.

सेवा घेणारे नव्हे, सेवा करणारे

दिव्यांगांसाठी काही करणे आणि दिव्यांगांसोबत काही करणे, यांत मोठे अंतर आहे. वर्षातून एकदा भेटवस्तू वाटून छायाचित्रे काढली की पहिले होते. दुसऱ्यासाठी त्यांना काम द्यावे लागते. डाउन सिंड्रोम असलेला तरुण अर्पणाची थाळी फिरवू शकतो. अंध मुलगी ब्रेलमधून वाचन करू शकते. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये त्यांच्या कन्या मनोरमाबाईंनी अंध स्त्रियांना ब्रेल शिकवण्याचे काम एका शतकापूर्वीच आरंभले होते. नैराश्यातून सावरलेली व्यक्ती त्याच वाटेवरील दुसऱ्याला जे सांगू शकते, ते कोणताही प्रवचनकार सांगू शकत नाही. २ मे २०२४ रोजी केरळमधील त्रिशूर येथे फादर जोसेफ थेर्माडम यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. भारतातील ते पहिले कर्णबधिर कॅथलिक धर्मगुरू मानले जातात. सांकेतिक भाषेत मिस्सा अर्पण करणारा धर्मगुरू वेदीवर उभा राहतो, तेव्हा कर्णबधिर भाविकाला आपल्या स्थानाविषयी वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

पणजीत २०२३ च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट झाला, तेव्हा गोव्याने दिव्यांगांच्या सहभागाचा उत्सव कसा असतो हे पाहिले. उत्सव काही दिवसांचा असतो. रविवार वर्षातून ५२ वेळा येतो. गावच्या फेस्तात, लदिनीत, नाताळच्या गोठ्याच्या तयारीत आणि गायकवृंदात ज्यांना जागा मिळते, तेच खऱ्या अर्थाने त्या समुदायाचे असतात.

सुरुवात कोठून करावी, असे एखाद्या पॅरिशला वाटत असेल, तर समितीच्या स्थापनेआधी एक यादी करावी. प्रत्येक वाड्यातील जाणत्या व्यक्तीने गेल्या काही वर्षांत येणे थांबवलेली घरे आठवावीत. मग दोघांनी त्या घरी जावे; सल्ला घेऊन नव्हे, प्रश्न घेऊन. ‘तुम्ही दिसत नाही. आमच्याकडून काय बदलले तर तुम्हाला येणे सोपे होईल?’ उत्तर बहुधा अनपेक्षितपणे लहान असते : बाजूचे दार उघडे ठेवा, फटाक्यांची वेळ आधी कळवा, मिस्सेनंतर कोणी तरी आमच्याशी दोन शब्द बोला. ते ऐकून घेऊन पुढच्या रविवारपर्यंत त्यातली एक गोष्ट करून दाखवणे, हे प्रत्येक पॅरिशच्या आवाक्यात आहे.